धरणातून गार पाणी सोडलं की नदीतले मासे मरतात का?

तुम्ही विचारलंय की धरणाच्या तळाच्या दारातून एकदम गार पाणी सोडलं तर खालच्या नदीतले मासे मरतात का. काही मरतात. बरेचसे त्या दिवशी वाचतात आणि नंतर जातात, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

मी ठाण्यात राहते. घरच्या टाकीत रोहूची बोटुकली पाळली होती. एका जानेवारीत टाकी धुवायला काढली आणि पिल्लं सरळ बादलीत सोडली. क्लोरीन उडून जावं म्हणून ती बादली रात्रभर गॅलरीत ठेवलेली. टाकीत हीटर, पाणी २७ अंश, बादलीत १९. दोन मिनिटांत पिल्लं कुशीवर कलली. कल्ले अगदी सावकाश हलत होते, बोट जवळ नेलं तरी पळेनात. कोमट पाणी थोडं थोडं ओतत तासाभरात सावरली. मला वाटलं, निभावलं. आठवड्याने अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले आणि सातातली चार गेली.

माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गार, तेवढंच त्याचं अंग. तापमान हळूहळू उतरलं तर शरीर काही दिवसांत जुळवून घेतं. झटक्यात उतरलं की पेशींची आवरणं ताठरतात, हृदय मंदावतं, स्नायू ऐकत नाहीत, आणि त्या ताणाने रोगप्रतिकारशक्ती खालावते. माझ्या टाकीत निदान बगळा नव्हता. नदीत असा कललेला मासा बगळ्याला, खंड्याला, मोठ्या मरळीला आयताच मिळतो.

आता धरणाचं. मे महिन्यात गावच्या विहिरीत सूर मारला असेल तर ठाऊक असेल, वर पाणी कोमट आणि पायाशी गारेगार. खोल जलाशयात उन्हाळ्यात असेच थर पडतात. तळाच्या पाण्यात बऱ्याचदा प्राणवायूही कमी असतो, म्हणजे माशावर दोन घाव एकदम.

समशीतोष्ण मुलखात हा फरक फार मोठा होतो. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी नदीवरच्या बरेंडाँग धरणातून उन्हाळ्यात इतकं गार पाणी यायचं की खालच्या देशी माशांची वाढ आणि वीण बिघडली. २०१४ मध्ये तिथे पाणी उचलणाऱ्या मनोऱ्याभोवती मोठा पडदा लावला, म्हणजे वरच्या थरातलं ऊबदार पाणी आत यावं. मला हा उपाय फार आवडतो, कारण धरण तसंच राहतं.

विणीचं नुकसान मला सगळ्यात गंभीर वाटतं. रोहू-कटला पावसाळ्यात साधारण २४ ते ३१ अंशांच्या पाण्यात अंडी घालतात. नेमक्या त्या दिवसांत गार लोंढा आला तर मोठा मासा तगेल, पण अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं टिकणं कठीण.

एक मात्र सांगते. आपल्याकडे, विशेषतः उल्हास-वालधुनी नद्यांच्या पट्ट्यात, मासे मेलेले दिसले तर आधी गार पाण्याला दोष देऊ नका. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा ओढत असतील तर प्राणवायू कमी पडलाय. पाण्याला वास, रंग किंवा फेस असेल तर सांडपाण्याचा नाहीतर रसायनांचा संशय घ्या. गारठलेला मासा बहुधा सुस्त पडतो, कुशीवर कलतो, कल्ले मंद हलवतो. दोन साधे थर्मामीटर दोऱ्यांना बांधून एक दाराच्या वर जलाशयात आणि एक दाराच्या खाली नदीत, एकाच वेळी बुडवून बघा. फरक पाच-सात अंशांचा निघाला तर तारीख-वेळेसकट नोंद ठेवा आणि पाटबंधारे खात्याला लेखी कळवा.