‘भय्या’ म्हणजे भाऊच ना?

प्रश्न असा आला आहे: ऑफिसात गोरखपूरचा एक सहकारी आहे. सगळी टीम त्याला ‘भय्या’ म्हणते, तोही हसून ओ देतो. नव्याने आलेल्या एका मुलीने ‘असं म्हणत जाऊ नका’ म्हणून टोकलं. विचारणाऱ्यांचं म्हणणं, भय्या म्हणजे भाऊ, त्यात अपमान कसला? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: मद्रासी, घाटी, गुज्जू ही नावं मुळातच वाईट, की कोण कुणाला कधी म्हणतं त्यावर ठरतं?

व्युत्पत्तीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण वाद झाला की सगळे तिथेच आसरा घेतात. ‘भैया’च्या मुळाशी ‘भ्रातृ’ आहे, यात शंका नाही. पण शब्द कुठून निघाला आणि आज कुठे पोचला या दोन वेगळ्या चौकशा आहेत. ‘बाई’ घ्या. ‘बाई आल्या’ म्हटलं की वर्ग गप्प होतो. ‘आज बाई आली नाही’ म्हटलं की सिंकमधली भांडी डोळ्यांपुढे येतात. शब्द तोच, व्युत्पत्तीही तीच.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधल्या एका निकालात हेच सांगितलं आहे. प्रकरण जातीच्या नावाने हाक मारण्याचं होतं. न्यायालयाचं म्हणणं असं, की शब्दाचा व्युत्पत्तीतून निघणारा अर्थ धरायचा नाही, वापरामुळे लोकांत त्याला जो अर्थ आला आहे तो धरायचा. नाहीतर अॅट्रॉसिटीच्या कायद्याचा हेतूच फसेल. शब्दांच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला हा निकाल फार आवडतो. एरवी कोशातल्या अर्थावर अडून बसणारे वकीलच जास्त!

आता ‘भय्या’. या शब्दाचं मराठीत नेमकं काय झालं ते त्याच्या अनेकवचनात दिसतं. हिंदीत ‘भैया’ बदलत नाही. ‘भैया आए हैं’ हे आदराचं, आणि चारजण असले तर ‘भैया लोग’. मराठीने मात्र तो घोड्यासारखा चालवला: एक घोडा, दोन घोडे, एक भय्या, दोन भय्ये. गंमत अशी, की ज्या नात्याने आपण मोठ्यांना हाक मारतो ते आकारान्त शब्द मराठीत असे चालतच नाहीत. एक काका, दोन काका. एक मामा, तीन मामा. दादा, आजोबा, सगळ्यांचं तेच. ‘माझे दोन काके आले’ असं बोलून बघा, जीभच अडखळेल. भाचे, पुतणे, मेहुणे होतात, पण ‘अहो भाचा’ अशी हाक कोण मारतं? म्हणजे ‘भय्ये’ हे रूप ज्या दिवशी तोंडात बसलं, त्या दिवशी त्यातला भाऊ निघून गेला. उरला तो एक प्रकारचा माणूस: घोडे, ठोंबे, भय्ये.

पंजाबीतही ‘भइये’ असं अनेकवचन होतं आणि अर्थही असाच घसरला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये, विधानसभेच्या प्रचारात, तेव्हाचे मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी यांनी यूपी-बिहार-दिल्लीच्या ‘भइयां’ना इथे राज्य करू देऊ नका अशा अर्थाचं विधान केलं आणि गदारोळ झाला. बाहेरून येऊन ढवळाढवळ करणाऱ्या काही पुढाऱ्यांबद्दल आपण बोललो, असा खुलासा त्यांना करावा लागला. भाऊ म्हटलं म्हणून चिडलेलं कुणी नव्हतं. राग अनेकवचनाचा होता.

तेव्हा तुमच्या टीममध्ये ‘भय्या, ती फाइल पाठव ना’ एवढंच चालतं की तो जागेवर नसताना ‘हे भय्ये असेच’ हेही चालतं, ते बघा. आणखी एक बघा. बाकीच्यांना तुम्ही काय म्हणता? नावांनी, आडनावांनी, ‘सर’ म्हणून हाका मारत असाल आणि त्याला एकट्यालाच त्याच्या मुलखावरून, तर टोकणाऱ्या मुलीच्या कानाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. वीस जणांत एकोणीस माणसं आणि एक प्रांत, असा तो हिशेब होतो.

‘घाटी’बद्दल मी जरा खासगीतलं सांगतो, कारण हा शब्द मी अंगावर घेतलेला आहे. मी साताऱ्याकडचा. मुंबईत होस्टेलला माझा खोलीभाऊ मालवणचा. तो सकाळी ‘काय घाटी, उठलास काय?’ म्हणायचा, मी ‘झोप कोकण्या’ म्हणायचो, आणि दोघांनाही त्यात आपलेपणापलीकडे काही वाटत नसे. नोकरी लागल्यावर भाड्याची खोली बघायला एका इमारतीत गेलो. दार अर्धवट उघडलं, आतून कुणीतरी ‘कोण आहे’ म्हणून विचारलं, आणि दारातल्या माणसाने माझ्याकडे पाहतच मागे उत्तर दिलं, ‘कोई घाटी है.’ दार लागलं. शिवी त्याने दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. ‘कोणी नाही’ या अर्थाने तो शब्द त्याने वापरला, एवढंच. तीन वर्षं रोज ऐकलेला शब्द मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

आणि यातली भाषेची गोष्ट बघा. ‘घाटी’चा अर्थ काय? घाटावरचा. कोकणातला माणूस आजही ‘ते घाटावरचे’ असं सहज म्हणतो, कुणाला राग येत नाही. अर्थ जसाच्या तसा, तरी एक शब्द पत्ता सांगतो आणि दुसरा लायकी. फरक कशाने पडला? ‘घाटी’पासून ‘घाटीपणा’ तयार झाला. ‘घाटावरचेपणा’ कुणी म्हणत नाही. कुठल्याही जमातीच्या नावाला ‘पणा’ किंवा ‘गिरी’ चिकटून त्याचा अर्थ दुर्गुण असा होऊ लागला, की ते नाव नुसतं नाव राहत नाही. चिकटपणाला ‘मारवाडीपणा’ म्हणणाऱ्यांनी हे मनाशी घोळवून बघावं. ‘मारवाडी’ हे मारवाडी माणसाचं स्वतःचं, अभिमानाचं नाव आहे. आपण ते विशेषण म्हणून वापरतो तिथे ते बिघडतं.

‘कोकण्या’मधला ‘-या’ हाही असाच दुधारी. प्रकाशचा पक्या, गणेशचा गण्या, बाळूचा बाळ्या. आईने ‘पक्या’ म्हटलं तर लाड, मित्राने म्हटलं तर मैत्री, मॅनेजरने चारचौघांत म्हटलं तर प्रकाशराव राजीनाम्याचा विचार करतात. हा प्रत्यय सलगीचा आहे. जिथे सलगी आधीपासून आहे तिथे तो गोड, जिथे नाही तिथे उर्मट. बहुतेक टोपणनावांचं असंच असतं, आणि ‘संदर्भावर अवलंबून’ याचा मला समजलेला अर्थ एवढाच: सलगीचा हक्क तुम्ही कमावला आहे, की परस्पर घेतला आहे?

‘मद्रासी’चा दोष वेगळा. त्यात तुच्छतेपेक्षा आळस जास्त आहे. मद्रास इलाख्यात एके काळी तमिळ मुलूख होता, आंध्रचा किनारा होता, मलबार होता, दक्षिण कानडा होता. त्यामुळे त्या काळी या शब्दाला निदान नकाशाचा आधार तरी होता. १९५३ मध्ये आंध्र वेगळा झाला, १९५६ मध्ये भाषावार रचना झाली, १९६९ मध्ये मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं आणि १९९६ मध्ये शहराचंही चेन्नई झालं. शब्द मात्र आपल्या तोंडात तसाच. आणि तिरुवनंतपुरमचा माणूस तर इंग्रजांच्या काळातही मद्रासी नव्हता, तो त्रावणकोर संस्थानातला. दिल्लीकडे गेल्यावर कुणी ‘आप मराठा हैं?’ असं विचारतं, तेव्हा आपल्याकडे तो जातीचा शब्द आहे, मी मराठी आहे, वगैरे समजावताना आपला जो जीव मेटाकुटीला येतो, तेच हैदराबादच्या आणि कोचीच्या माणसाचं आपल्याकडे होतं. ‘गुज्जू’ गुजराती मंडळी स्वतःही मजेत वापरतात, म्हणून तो त्यातल्या त्यात सौम्य. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

‘पण तो तर हसतो!’ हा तुमचा खरा बचाव आहे आणि माझ्या मते तो सगळ्यांत कच्चा आहे. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळायचा तेव्हा त्याला ‘कालू’ म्हणत. त्याला वाटायचं, याचा अर्थ दणकट घोडा असावा, तोही हसायचा. जून २०२० मध्ये त्याला खरा अर्थ कळला आणि तो संतापला. पुढे जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाशी बोलणं झाल्यावर, ते प्रेमाने म्हणत होते हे त्याने मानलंही. दोन्ही गोष्टी खऱ्या: म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, आणि ज्या हसण्याला ते संमती समजत होते ती संमती नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये डर्बनला पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या फेहलुक्वायोला ‘अबे काले’ म्हणाला. स्टम्पच्या माइकमधून ते सगळ्यांनी ऐकलं आणि त्याला चार सामने बाहेर बसावं लागलं. ‘आमच्याकडे असं सहज म्हणतात’ हे तिथेही म्हटलं गेलं. सहज म्हणतात, ते खरंच आहे. म्हणून तर शब्द बोथट वाटतो, बोलणाऱ्याला.

इंग्लंडचे राजपुत्र हॅरी यांचंही एक प्रकरण २००९ मध्ये गाजलं. सैन्यातल्या एका सहकाऱ्याला त्यांनी ‘पाकी’ म्हटल्याचा व्हिडिओ बाहेर आला. राजवाड्याकडून खुलासा झाला, की पलटणीतल्या एका लोकप्रिय साथीदाराचं ते टोपणनाव होतं, मनात द्वेष नव्हता. सोबत माफीही होती. वरवर पाहता ‘पाकी’ हा ‘पाकिस्तानी’चा नुसता संक्षेप. ‘ऑस्ट्रेलियन’चा ‘ऑसी’ होतो आणि ऑस्ट्रेलियन माणूस तो मिरवतो. पण ‘ऑसी’ म्हणत कुणी कुणाच्या घराच्या काचा फोडल्या नाहीत. ‘पाकी’ म्हणत ब्रिटनमध्ये माणसांना रस्त्यात गाठून मारलेलं आहे. हा इतिहास बोलणाऱ्याला ठाऊक नसला तरी ऐकणाऱ्याला असतो.

उलटा प्रवासही होतो. ‘यांकी’ हे इंग्रज सैनिकांनी अमेरिकनांना चिडवण्यासाठी वापरलेलं नाव. त्यांनी ते इतकं उचललं, की चिडवणाऱ्यांचं ‘यांकी डूडल’ हे गाणंही स्वतःचं करून टाकलं. अलीकडे आशियाई वंशाच्या अमेरिकन तरुणांनी आपल्या बँडला डोळ्यांच्या ठेवणीवरून मारला जाणारा टोमणाच नाव म्हणून दिला: ‘द स्लँट्स’. अपमानकारक नाव म्हणून ट्रेडमार्क नाकारला गेला, ते कोर्टात गेले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. पण निकाल अभिव्यक्तीच्या हक्काचा होता, आणि बँड ज्यांना ते चिडवलं जायचं त्यांचाच होता. उद्या दुसऱ्या कुणी त्यांना तेच म्हटलं तर त्यांना ते गोड लागेल, असा त्याचा अर्थ नव्हे.

आपल्याला ज्याची कल्पनाही नसते असा शब्द म्हणजे ‘जिप्सी’. मराठी कवितेने त्याला मुक्त, मनस्वी भटका करून टाकलं. युरोपात ज्यांच्यासाठी तो वापरला जातो ते लोक स्वतःला ‘रोमा’ म्हणवतात. १९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या त्यांच्या पहिल्या जागतिक परिषदेने तेच नाव पुढे केलं. मूळ शब्द तर चुकीतूनच आलेला: हे लोक इजिप्तचे, असा युरोपीयांचा समज. प्रत्यक्षात त्यांच्या भाषेची मुळं भारतात आहेत.

आता जिथे संदर्भाची सबबच चालत नाही असे शब्द. वर आलेली बरीचशी नावं मुलखावरून किंवा भाषेवरून पडलेली आहेत. काही नावं मात्र चेहऱ्यावरून पडतात. ईशान्येकडच्या मुलांना मारली जाणारी ‘चिंकी’ ही हाक तशी. तिला ‘घाटावरचे’सारखा साधा जोडीदार शब्द नाही, कारण ती ते कुठले हे सांगतच नाही, तुम्ही इथले दिसत नाही, एवढंच सांगते. २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं, की ईशान्येकडच्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना असं हिणवल्यास अॅट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई करावी. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याची सुरुवात त्याच्या दिसण्यावरून, केसांवरून केलेल्या शेरेबाजीतून झाली होती. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारींचा विचार करण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली गेली. मैत्रीतसुद्धा हा शब्द मी वापरणार नाही आणि त्यावर वादही घालणार नाही.

तुमच्या सहकाऱ्याकडे परत येतो. त्याला काय वाटतं ते विचारायचंच असेल तर ग्रुपवर किंवा जेवणाच्या टेबलावर विचारू नका. चारचौघांत तो ‘अरे चलता है’ हेच म्हणणार, दुसरं काय म्हणेल? एकट्याला गाठा, आणि ‘भय्या चालतं का’ असंही विचारू नका. ‘तुला घरी काय म्हणतात?’ असं विचारा. पप्पू, गुड्डू, छोटू, काहीतरी निघेल. ‘भैया’ बहुधा निघणार नाही. त्याच्या घरी त्या हाकेला त्याचा थोरला भाऊ ओ देत असेल.