शुगर वाढली म्हणून वजन उतरवायचं का?

या महिन्यात गरोदरपणातल्या शुगरवर बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतेय. पहिलीला जरा जास्त जागा देते कारण तिच्या पत्रात बाकीच्यांचे अर्धे प्रश्न येऊन जातात.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी डिचोलीची, वय 31, पहिलंच बाळंतपण, 27 वा आठवडा चालू आहे. दिवस गेले तेव्हा वजन 68 किलो होतं, उंची 155 सेंटीमीटर. दोन आठवड्यांपूर्वी ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं त्यात 162 आलं, तेव्हा वजन 74 होतं. घाबरून शीत (भात) बंद केलं, रात्री नुसतं सॅलड खाते, आता 72 वर आलेय. सासूबाई म्हणतात दोघांचं जेव, नणंद म्हणते आधीच जाड होतीस म्हणून हे झालं, अजून उतरव. कोणाचं ऐकू? आणि इन्सुलिन लागलं तर बाळाला त्रास होईल का?

उत्तर: ताई, या बाबतीत दोघींचंही ऐकू नका. त्या टेस्टमध्ये 75 ग्रॅम ग्लुकोज देतात आणि दोन तासांनी 140 किंवा वर आलं तर गरोदरपणातला डायबेटीस धरतात, म्हणजे तुमचं निदान बरोबर आहे. पण नणंदेचं म्हणणं अर्धंच खरं. वारेतून जे हार्मोन्स सुटतात ते इन्सुलिनचा जोर कमी करतात, हे प्रत्येक गरोदर बाईत होतं, ज्यांचं शरीर जादा इन्सुलिन बनवून भरून काढू शकत नाही त्यांची शुगर चढते. आधीपासून वजन जास्त असेल तर हे व्हायची शक्यता वाढते, बीपी वाढणं, सिझेरियन हेही वाढतं, ते नाकारून चालणार नाही. पण ते वजन दिवस जायच्या आधीचं, ते आता सातव्या महिन्यात उपाशी राहून फेडता येत नाही.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सुरुवातीला 28 च्या आसपास होता. तेवढ्याला पूर्ण नऊ महिन्यांत 7 ते साडेअकरा किलो वाढ ठीक मानतात, तुमची 6 झाली होती म्हणजे गाडी रुळावरच होती की! खाण्यात बदल केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडं उतरतं, पण दोन किलो आणि तेही रात्री उपाशी राहून, हे मला आवडलं नाही. पोटाला पिठूळ काहीच मिळालं नाही की शरीर चरबी जाळतं आणि किटोन तयार होतात, ते बाळासाठी चांगले नाहीत. पुढच्या व्हिजिटला लघवीत किटोन बघायला सांगा, आणि शीत परत सुरू करा.

किती आणि कसं ते महत्त्वाचं. उकड्या तांदळाचं मोजून एक वाटी शीत, सोबत बांगड्याचं हुमण (माशांची आमटी), तांबडी भाजी, अळसांद्यांचं तोंडाक (चवळीची रसभाजी), असं ताट असेल तर शुगर हळू चढते. पेज मात्र जपून, ती पचायला हलकी म्हणून सगळे गरोदर बाईला देतात पण मऊ शिजलेली असल्यामुळे शुगर पटकन वर नेते. मासे खुशाल खा, फक्त मोरी (शार्क) नको, तिच्यात पारा जास्त असतो. सगळ्यात जास्त गडबड सकाळी होते कारण सकाळच्या हार्मोन्समुळे तेव्हा इन्सुलिन कमी पडतं, आणि आपला नाश्ता म्हणजे पातळ भाजी, दोन पाव आणि साखरेचा चहा! एक पाव, मुगाची उसळ किंवा उकडलेलं अंडं, बिनसाखरेचा चहा, असं करून बघा आणि दोन तासांनी मोजा. उपाशीपोटी 95 च्या खाली आणि जेवल्यावर दोन तासांनी 120 च्या खाली, हे आकडे वजनकाट्यापेक्षा जास्त जपायचे. डॉक्टरांनी चालायला मना केलं नसेल तर प्रत्येक जेवणानंतर 10-15 मिनिटं चाला, पावसात घरातल्या घरात चाललं तरी चालतं.

एवढं करूनही आकडे वर राहिले तर इन्सुलिन. घाबरू नका, टोचलेलं इन्सुलिन वारेतून बाळाकडे जवळजवळ जातच नाही. जाते ती तुमची साखर, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, अंगाने फुगतं, बाळंतपणात खांदा अडकू शकतो आणि जन्मल्यावर त्याचीच शुगर एकदम खाली येते. म्हणून तर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन बघतात.

प्रश्न: मी फोंड्याची. उंची 160, दिवस जाण्याआधी जेमतेम 47 किलो. मला कशी काय शुगर?

उत्तर: बारीक बायकांनाही होते, आपल्याकडे तर बऱ्याच जणींना. घरात आईवडिलांना डायबेटीस आहे का ते आधी बघा. तुमच्या वजनाला साडेबारा ते अठरा किलो वाढ हवी असते, त्यामुळे वरच्या ताईंसाठी लिहिलेलं प्रमाण स्वतःला लावू नका, डाएटिशियनकडून वेगळा तक्ता घ्या.

प्रश्न: बाळंत होऊन महिना झाला, हॉस्पिटलमध्येच शुगर नॉर्मल आली. आई रोज डिंकाचे लाडू देते. आता खायला हरकत नाही ना? (पेडणे)

उत्तर: रोज नको, कधीतरी एक छोटा खा. वार पडली की शुगर बहुतेकींची उतरतेच, पण पुढे टाइप 2 डायबेटीस व्हायचा धोका अशा बायकांना इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि वाढलेलं वजन उतरवायची खरी वेळ हीच, पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी. अंगावर पाजताय ते चालू ठेवा, त्याने दोघांनाही फायदा आहे. सहा आठवडे झाले की 75 ग्रॅमची टेस्ट परत करायची, या वेळी रात्रभर उपाशी राहून, आणि नंतर दर वर्षी एकदा शुगर बघायची. बाळाला सहा आठवड्यांची लस द्यायला नेणारच आहात, त्याच दिवशी ठरवा, फक्त दोन तास बसावं लागतं तेव्हा आईला सोबत न्या.