बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, अनुभव नाही. क्यूसीच्या (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या) जागेसाठी बायोडेटात नेमकं काय लिहू?

तुम्ही लिहिलंय की एम. एस. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्री केलंत, बडोद्यातल्या औषध कंपन्यांना अर्ज पाठवताय, पण अनुभवाच्या जागी लिहायला काहीच नाही. मी मकरपुऱ्यात एका औषध कंपनीची क्यूसी लॅब सांभाळते. फ्रेशरचे अर्ज एचआरकडून माझ्याकडेच येतात, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

लिहायला काही नाही, हे मला मान्य नाही. तीन वर्षं प्रॅक्टिकल्स केलीत, ती कुठे गेली? बहुतेक बायोडेटांत त्यांची एकच ओळ झालेली असते: 'टायट्रेशन, यूव्ही, एचपीएलसीचं ज्ञान'. यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र, एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं. पण या ओळीवरून मला काय कळणार? एचपीएलसी लांबून पाहिलं, की मोबाइल फेज (त्यातून वाहणारं द्रावण) स्वतः बनवून, गाळून, डीगॅस करून रन घेतला?

समजा, पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचा अ‍ॅसे (औषधाचं प्रमाण मोजणारी चाचणी) तुम्ही यूव्हीवर केलाय. मग तसंच लिहा: वीस गोळ्या वजन करून कुटल्या, सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात नमुना केला, २५७ नॅनोमीटरला रीडिंग घेतलं, ७१५ हे स्पेसिफिक अ‍ॅब्सॉर्बन्स धरून टक्केवारी काढली. इंग्रजीत याच्या दोन ओळी होतात. त्या दिसल्या की मी तो अर्ज बाजूला काढून ठेवते, आणि मुलाखतीत तिथूनच सुरुवात करते: एकाच गोळीवर का नाही केलं? ब्लँक कशाचा घेतला? ज्याने हाताने केलंय त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही.

जे केलं नाही ते मात्र घालू नका. मशीन नुसतं दाखवलं असेल तर 'प्रात्यक्षिक पाहिलं' असंच लिहा, त्याने काही बिघडत नाही. आमच्या कामात नोंद खरी असणं हेच सगळं काही आहे. चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा, खालचा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. कॉलेजच्या जर्नलमध्ये ही सवय लागली असेल तर तीही जरूर लिहा. फ्रेशरच्या अर्जात ते फार क्वचित दिसतं.

भाषांच्या रकान्यात बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची आपली मराठी घरांतली मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी लिहितात आणि गुजराती विसरतात, कारण ती त्यांना वेगळी शिकावीच लागलेली नसते. प्लांटवर ऑपरेटरशी बोलायला तीच लागते. वाचता-लिहिता येत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे. जाहिरात समोर ठेवा. त्यात 'रॉ मटेरियल' म्हटलं असेल तर तुम्ही केलेली ओळख-परीक्षा आणि टायट्रेशन वर आणा, 'डिसोल्यूशन' (गोळी किती विरघळते त्याची चाचणी) असेल तर त्यातलं. शिफ्ट चालेल का, पाद्रा, सावली किंवा हालोलला रोज येणं-जाणं जमेल का, हेही सांगून टाका. हे मला फोन करून विचारावंच लागतं. 'मेहनती आणि प्रामाणिक' हे शब्द, धर्म, वैवाहिक स्थिती, खालचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढा.

नावाकडे नीट बघा. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बऱ्याचदा शेवटी. त्यात आपल्या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग: गायकवाडच्या 'वाड'मध्ये एका कागदावर एक 'ए' (A), दुसऱ्यावर दोन. रुजू होताना कागदपत्रं तपासतात तेव्हा हे अडतं. मार्कशीटवरचं स्पेलिंग सगळीकडे ठेवा, आधारची दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

अप्रेंटिसशिपही सोडू नका. कायदा १९६१ चा आहे, पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांनाही त्यात घेतात. अप्रेंटिसशिपचा काळ पुढच्या अर्जात अनुभव म्हणूनच लिहायचं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट केला असेल तर विषय कळवा, त्याच्या दोन ओळी कशा लिहायच्या ते सांगते.