अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठात 'ग्रेट बुक्स' ऑनर्सला मुलीला घालावं का? चार वर्षं नुसता बायबलचाच अभ्यास असतो का?

ताई, माझी मुलगी याच प्रोग्रॅममधून बाहेर पडली, म्हणून लिहितोय. मी स्वतः अकाउंट्सवाला माणूस. ग्रीक महाकवी होमर आमच्या घरात आला तो तिच्या मळक्या कपड्यांच्या पिशवीतून.

तुमची मुलगी पुण्यात बारावीला आहे, कॅलिफोर्नियातल्या बायोला या ख्रिस्ती विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करतेय आणि सोबत तिथल्या टोरी ऑनर्स कॉलेजचा, म्हणजे या 'ग्रेट बुक्स' प्रोग्रॅमचाही फॉर्म भरायचा म्हणतेय. तिथे बायबलच शिकवतात का, आणि जुनी पुस्तकं वाचून पुढे काय, असं तुम्ही विचारलंय.

घरचा धर्म तुम्ही लिहिला नाहीत, तेव्हा आधी तेच सांगतो. बायोलात पदवीला प्रवेश हवा तर आपण ख्रिस्ती विश्वासणारे आहोत असं अर्जात सांगावं लागतं. तसं नसेल तर प्रवेशासाठी म्हणून खोटं लिहायला लावू नका पोरीला. मालिबूचं पेपरडाइन किंवा टेक्सासात वेकोचं बेलर बघा. दोन्ही ख्रिस्ती विद्यापीठं, दोन्हीकडे अशी पुस्तकं वाचायची सोय आहे, आणि तुम्ही ख्रिस्ती असायलाच हवं अशी अट नाही.

आता बायबल. ते असतंच, पण होमर, प्लेटो, ऑगस्टीन, दान्ते, दोस्तोयव्हस्की यांच्या रांगेत. पाठ्यपुस्तक नाही, 'प्लेटो काय म्हणाला' असं सांगणारी गाइडं नाहीत, मूळ पुस्तकच हातात. लेक्चर जवळजवळ नाहीच. टेबलाभोवती दीड-दोन डझन मुलं बसतात, प्राध्यापक एक प्रश्न टाकतात आणि मग तीन-तीन तास चर्चा. सर उत्तर सांगत नाहीत. कोणी काही बोललं की एवढंच विचारतात, 'हे कुठल्या ओळीवरून?' सत्र संपलं की तोंडी परीक्षा, तिला तिथे 'डॉन रॅग' म्हणतात. आपल्याकडच्या व्हायव्हासारखीच, पण पाठांतर उपयोगाचं नाही. पोरगी पहिल्या वेळी तासभर आधीपासून पोटात गोळा आलाय म्हणत होती.

ही पद्धत काही ख्रिस्ती लोकांनी काढलेली नाही. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन यांनी १९२० च्या सुमारास असा वर्ग चालू केला. मेरीलँडमधल्या सेंट जॉन्स कॉलेजने १९३७ पासून सगळा अभ्यासक्रमच असा करून टाकला. बायोलात टोरी सुरू झालं १९९६ ला. ज्यांचं नाव दिलंय ते धर्मोपदेशक आर. ए. टोरी तर आणखी जुने, येलचे पदवीधर, जर्मनीत शिकून आलेले, आणि तरी पक्के कर्मठ. अमेरिकेत 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द ज्या पुस्तकमालिकेवरून पडला तिचे ते एक संपादक. त्यांच्या नावाच्या कॉलेजात मुलं ग्रीक देवांच्या भांडणावर तीन तास वाद घालतात याची मला अजून गंमत वाटते.

आपला एक धागाही यात आहे. १९०२ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला टोरींच्या सभा खूप गाजल्या. ती बातमी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोचली, तेव्हा रमाबाईंनी आपली मुलगी मनोरमाबाई आणि तिथल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांना तिकडे पाठवलं, हे नेमकं कसं घडतंय ते पाहून या म्हणून. पुढे १९०५ ला मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे धर्मजागृतीची लाट, झालं, त्याच्या मागे ही गोष्टही आहे. मी नगरचा, आमच्या घरी रमाबाईंचा फोटो असायचा. मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, 'बाबा, हे ॲडमिशनच्या आधी सांगायचं ना, निबंधात लिहिलं असतं.'

आम्ही राहतो सेरिटॉसला. कॉलेज 'ला मिराडा' गावात, गाडीने फार लांब नाही. ती हॉस्टेलला राहायची आणि रविवारी चर्च झालं की कपडे धुवायला आणि वरणभात खायला घरी. एका रविवारी मी कोथिंबीर निवडत होतो. समोर बसून तिने विचारलं, 'बाबा, एका मेंढपाळाला अंगठी सापडते. ती फिरवली की तो कोणाला दिसत नाही. तुम्हाला मिळाली तर तुम्ही टॅक्स भराल?' प्लेटोतली गोष्ट आहे, हे मला कुठे माहीत. मी म्हटलं, देव बघतो ना. ती म्हणाली, 'ही पळवाट झाली. देव बघतो म्हणून भरणार म्हणजे भीतीनेच भरणार. कोणीच बघत नाही असं धरा आणि मग सांगा.' मी चिडलो. एवढी फी भरतोय ती देवाला बाजूला ठेवायला शिकवायला का, असंही म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, 'बाजूला नाही ठेवत, मधे घालू नका म्हणतेय.' कोथिंबीर तशीच राहिली. वरणावर त्या दिवशी काहीच पडलं नाही.

लहानपणापासून मी चर्चमध्ये ऐकत आलोय. पुलपिटावरून पाळक बोलणार, आपण मान डोलावणार. शाळेत सर बोलणार, आपण उतरवून घेणार. मुलीला आमच्यासारखं उतरवून घेता येईना, आणि पहिले काही महिने बोलताही येईना. आपल्या मुलांना हीच अडचण येते, इंग्रजीची नाही. बरोबर उत्तर तयार झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही सवय हाडात असते. तिथे अर्धवट विचारही टेबलावर ठेवावा लागतो, आणि दुसऱ्याने तो मोडला तर हसत बघावं लागतं. तिचं हे दुसऱ्या वर्षी कुठे जमलं.

सांगायची दुसरी गोष्ट होमरच्या 'इलियड' या महाकाव्याची. रात्री साडेदहाला फोन आला. शेवटच्या सर्गात म्हातारा राजा प्रायम, ज्याने त्याच्या मुलाला मारलं त्या अकिलीसच्या तंबूत जातो, त्याचे हात चुंबतो आणि मुलाचं प्रेत मागतो. दोघंही रडतात. त्या दिवशी सगळी मुलं एकाच प्रश्नावर अडकली होती. अकिलीस रडतो तो प्रायमसाठी की स्वतःच्या बापासाठी? तिने मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी काही बोललो नाही. तिचे आजोबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला तिकीट मिळून नगरला पोचेपर्यंत माती झाली होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, 'बाबा, मला वाटतं दोन्ही एकच आहे.' मग इकडचं तिकडचं बोललो.

नोकरीचं विचारलंत. हे वेगळं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नाही. मुलगी कॉम्प्युटरच शिकेल, सामान्य शिक्षणाचे बहुतेक क्रेडिट या वर्गांतून भागतात. व्हिसा आणि पुढची कामाची परवानगी मेजरवर ठरते, ऑनर्सने त्यात फरक पडत नाही. इंटरव्ह्यूत दान्ते कोणी विचारत नाही. माझी मुलगी नर्सिंगची. हॉस्पिटलच्या ड्युट्या आणि वाचन यांत दुसऱ्या वर्षी ऑनर्स सोडायला निघाली होती. कॉम्प्युटरची असाइनमेंटही रात्री दोनपर्यंत चालते, हे धरूनच ठरवा. फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. स्कॉलरशिप किती आणि किती वर्षं, हे लेखी घ्या.

एक खटकतं तेही लिहितो, पण हे कुठल्या एका कॉलेजचं नाही, 'ग्रेट बुक्स' या कल्पनेचंच आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत याच नावाचा ५४ खंडांचा संच निघाला, त्यात एकही लेखिका नव्हती. नावातच 'पाश्चात्त्य जग' होतं, त्यामुळे आपल्याकडचं कोणी असायचा प्रश्नच नाही. १९९० च्या आवृत्तीत चार बायका आल्या. हिब्रू-ग्रीक शिकून आख्ख्या बायबलचं मराठी करणारी बाई, जिच्या केडगावच्या छापखान्यात ते छापलं गेलं, ती त्या टेबलावर शोभली असती. तुमच्या मुलीने ते पुस्तक स्वतःच्या बॅगेत न्यावं. ज्ञानेश्वरीही. नेली तर तिथे कोणी अडवणार नाही.

तिला जमेल का, हे घरीच बघता येईल. प्लेटोचा 'युथिफ्रो' हा छोटा संवाद नेटवर फुकट मिळतो, एका बैठकीत वाचून होतो. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना वाचायला द्या. मग फोन काढून घ्या, चहा-पोहे ठेवा आणि एकच प्रश्न द्या: चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं, की देवाला आवडतं म्हणून ते चांगलं? तुम्ही आत जा, मधे बोलू नका. अर्ध्या तासात 'काकू, उत्तर काय आहे?' म्हणत स्वयंपाकघरात आल्या, तर नुसतं कॉम्प्युटर सायन्स पुष्कळ आहे. पोहे गार झाले आणि तरी भांडतायत असं दिसलं, तर फॉर्म भरू द्या. पुढे रविवारी तिचा फोन यायच्या आत कोथिंबीर निवडून ठेवत जा.