बटण दाबलं, पण पंखाही हलत नाही

प्रश्न : सोयाबीनच्या पैशातून सुटे भाग आणून मुलीसाठी कॉम्प्युटर घरीच जोडला. मदरबोर्डावरचा (आतल्या मुख्य पाटीवरचा) बारीक दिवा लागतो, पण बटण दाबलं तर काहीच होत नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलू का?
– एक वाचक, आर्वी तालुका (जि. वर्धा)

उत्तर : दादा, एवढ्यात एक रुपयाही खर्च करू नका. दिवा लागतोय म्हणजे 5 व्होल्टचा स्टँडबाय (मशीन बंद असतानाही चालू राहणारा) पुरवठा बोर्डापर्यंत पोचतोय. माझा पहिला संशय बटणाच्या वायरवर. ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेली दोन पिनांची ती बारकी टोपी एक घर जरी सरकली, तरी बटण मुकं होतं. उलटसुलट बसली तर चालते, जागा मात्र चुकता कामा नये. बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र पाहा, टोपी काढा आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखे फिरले तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरचा.

नाहीच फिरले तर प्लग काढून 24 पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा 8 पिनांचा कनेक्टर खटका वाजेपर्यंत दाबा. मग बोर्ड कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवून पाहा. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारा खुंट) भलत्याच जागी राहून शॉर्ट होत होता. तो काढताच मशीन सुरू झालं.

एसएमपीएस मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.