वाचकांचे प्रश्न : भूकंपमापक खड्ड्यात उतरवण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या विभागाला उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा तिन्ही दिशांची हालचाल नोंदवणारा एक ब्रॉडबँड (मंद आणि जलद अशी दोन्ही प्रकारची कंपने टिपणारा) भूकंपमापक मिळाला असून वर्षभर तो सलग चालवायचा आहे. दोन जागा समोर आहेत. एक विभागाच्या इमारतीचे तळघर, जिथे वीज, इंटरनेट आणि राखण या तिन्हींची सोय आहे. दुसरी वस्तीपासून दूर, टेकडीच्या उतारावरचा उघडा कातळ, जिथे यांपैकी काहीच नाही. कोणती जागा निवडावी आणि यंत्र प्रत्यक्ष कसे बसवावे?

उत्तर : बहुतेक पत्रांत यंत्राची क्षमता पहिल्या ओळीत येते आणि जागेचा उल्लेख शेवटी ओझरता असतो. आपण जागेपासून सुरुवात केलीत, हे फार बरे झाले. गैरसोय पत्करून कातळाचीच जागा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भूकंपमापक ज्या वस्तूवर ठेवला असेल तिचे हलणे तो नोंदवतो, आणि इमारत स्वतः सतत हलत असते. वाऱ्याने ती डोलते, पंप आणि लिफ्ट तिला थरथरवतात, जिन्यावरची पावले तळघरापर्यंत पोहोचतात. माणसाच्या वावरातून उठणारी ही कंपने साधारणपणे १ ते २० हर्ट्झच्या पट्ट्यात येतात, आणि जवळपासच्या लहान भूकंपांचे संकेतही नेमके याच पट्ट्यात असतात. त्यामुळे नंतर संगणकावर गाळणी लावून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या अनेक केंद्रांवर ही पार्श्वकंपने उतरली आणि काही ठिकाणी तर ती निम्म्यावर आली, यावरून एरवी त्यांचा वाटा किती असतो याची कल्पना यावी.

समुद्राच्या लाटांपासून मात्र कोणत्याच जागी सुटका नाही. सुमारे ५ ते ८ सेकंदांच्या आवर्तनाची त्यांची मंद हालचाल खंडाच्या मध्यभागीही नोंदली जाते, म्हणून ती दिसली तर घाबरू नये. आपली जागा कितपत शांत आहे हे ताडून पाहण्यासाठी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन पीटरसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या किमान आणि कमाल पार्श्वकंपनांच्या वक्ररेषा आजही जगभर वापरल्या जातात. खोदकामाला हात घालण्यापूर्वी यंत्र कातळावर ठेवावे, त्यावर एखादे खोके पालथे घालावे, किमान एक पूर्ण दिवस आणि रात्र नोंद घ्यावी आणि ती या वक्ररेषांशी लावून पाहावी. दिवस आणि रात्र यांत फार तफावत आढळली, तर आसपास कुठेतरी माणसांची किंवा यंत्रांची वर्दळ आहे असे समजावे.

कातळ अखंड आहे की मातीत रुतलेला सुटा धोंडा आहे, याची परीक्षा हातोड्याने होते. अखंड खडक खणखणीत वाजतो. सुटलेला किंवा झिजलेला असेल तर बद्द आवाज येतो. टेकडीचा माथा टाळावा, कारण तिथे वारा अधिक असतो आणि जमिनीच्या उंचवट्यामुळे कंपनेही वाढतात. मोठ्या झाडाचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सावली मिळते हे खरे, पण वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर ते झाड मुळांमार्फत जमीन हलवत असते.

आता बसवण्याविषयी. एक ते दीड मीटर खोल खड्डा घ्यावा, तळाचा कातळ घासून, धुऊन स्वच्छ करावा आणि त्यावर बारीक खडीच्या काँक्रीटचा छोटा चबुतरा ओतावा. त्यात लोखंडी सळ्या घालू नयेत, कारण तापमान बदलले की सळई आणि काँक्रीट कमीजास्त प्रमाणात प्रसरण पावतात आणि चबुतरा कलतो. खड्ड्याची कड धरून ठेवण्यासाठी बूड कापलेले प्लास्टिकचे पिंप उतरवावे, मात्र पिंप आणि चबुतरा यांच्यात बोटभर फट ठेवावी. ते एकमेकांना टेकले, तर वरची जमीन तापल्या-निवल्याचा प्रत्येक ताण थेट यंत्राखाली येतो.

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असे वाटू शकेल. एक किलोमीटर लांबीची फळी एका टोकाला फक्त एक मिलिमीटर उचलली तर जेवढा कल येईल, तेवढ्याच कलाने आडव्या घटकांवर, म्हणजे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हालचालीच्या नोंदींवर, गुरुत्वाकर्षणाचा इतका अंश येतो की यंत्राला तो जमिनीच्या खऱ्या प्रवेगासारखाच भासतो. उभ्या घटकावर या कलाचा परिणाम नगण्य असतो. म्हणूनच उभा घटक स्वच्छ आणि आडवे दोन्ही डुलत असलेली नोंद दिसली, की अनुभवी माणूस यंत्रावर संशय घेण्याआधी चबुतरा आणि तापमान यांकडे वळतो. यंत्राभोवती जाड फोमची पेटी बसवून आतली मोकळी हवा जितकी कमी करता येईल तितकी करावी, कारण बंद जागेत फिरणारी हवासुद्धा यंत्राला तापवते-निववते.

माझ्या सुरुवातीच्या एका केंद्रावर रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्व-पश्चिम घटकात एक लहानशी पायरी उमटत असे. आठवडाभर मी यंत्रालाच दोष देत राहिलो. अखेर खड्डा उघडला तेव्हा दिसले की केबल पिंपाच्या काठावरून यंत्रापर्यंत अगदी ताठ गेली होती आणि ऊन काठावर आले की तिचे आवरण प्रसरण पावून यंत्राला ढकलत होते. तेव्हापासून केबलचे एक सैल वेटोळे चबुतऱ्यावर ठेवून, त्यावर वजन दाबून, मगच ती यंत्राला जोडण्याची सवय लागली.

उत्तर दिशा होकायंत्राने काढताना कुदळ, पहार, वाहन आणि खुद्द भूकंपमापक यांपासून दूर उभे राहावे, कारण यंत्रातही चुंबक असतात. त्या ठिकाणचा चुंबकीय दिक्पात, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन, वजाबेरीज करून खरी उत्तर ठरवावी आणि ती रेघ चबुतऱ्यावर कोरून ठेवावी. इथे ५ अंशांची चूक झाली तर एका आडव्या घटकाचा सुमारे ९ टक्के भाग दुसऱ्यात मिसळतो. त्यानंतर तिन्ही पाय फिरवून पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणावा, पायांच्या चाक्या आवळाव्यात आणि बुडबुडा पुन्हा पाहावा, कारण आवळतानाच तो हमखास सरकतो. झाकण लावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांच्या नोंदीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. यंत्र आणि काँक्रीट दोन्ही अजून स्थिरावत असतात.

प्रश्न : टेकडीच्या कुशीत यंत्राचे घड्याळ जुळवणारा जीपीएस उपग्रहांचा संकेत अधूनमधून तुटतो. घड्याळ एखाद्या सेकंदाने पुढेमागे झाले तर फार बिघडते का?

उत्तर : फार बिघडते. भूकंपाची सर्वांत आधी पोहोचणारी प्राथमिक लहर पृथ्वीच्या कवचाच्या खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, म्हणजे एका सेकंदाची चूक ही अंतरात ६ किलोमीटरांची आणि दशांश सेकंदाची चूक ६०० मीटरांची चूक होते. दहा लाखांत एक भाग चुकणारे क्वार्ट्झचे घड्याळ महिनाभर स्वतःच्या भरवशावर चालले, तर ते अडीच सेकंदांहून अधिक सरकते. जीपीएसचा अँटेना मोकळे आकाश दिसेल अशा ठिकाणी उंचावर न्यावा आणि घड्याळ कधी जुळलेले होते व कधी सुटलेले, याची नोंद आकडेवारीसोबत साठवावी. संकेत अधूनमधून का होईना येत राहिला तर मधला सरकाव नंतर दुरुस्त करता येतो. ही नोंदच नसेल तर काहीच करता येत नाही. अचूक वेळेचे मोल या शास्त्राच्या आरंभापासूनचे आहे. १७ एप्रिल १८८९ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्वित्झ यांच्या आडव्या लंबकाने टिपलेली थरथर जपानमधील भूकंपाची होती, हे वेळा ताडून पाहिल्यामुळेच कळले, आणि दूरच्या भूकंपाची ओळख पटलेली ती पहिली नोंद ठरली.

प्रश्न : विजेची सोय नसताना बॅटरी आणि सोलर पॅनलचा हिशेब कसा करावा?

उत्तर : यंत्र आणि त्याचा संकेत आकड्यांत बदलणारा डिजिटायझर मिळून ३ वॅट घेतात असे धरू. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास साठतात. ती निम्म्याखाली उतरू द्यायची नाही असे ठरवले तर हाताशी ६०० वॅट-तास राहतात, म्हणजे अजिबात ऊन नसतानाचे सुमारे आठ दिवस. आपल्याकडील सर्वांत लांब ढगाळ काळ याहून मोठा असेल तर दुसरी बॅटरी जोडावी. पॅनलचा खांब खड्ड्यापासून निदान दहा मीटर लांब रोवावा, कारण वाऱ्यात तो जमीन हलवतो. बॅटरी यंत्राच्या खड्ड्यात ठेवू नये आणि साऱ्या केबली नळीतून न्याव्यात. उंदरांना केबलचे आवरण कुरतडायला फार आवडते.

प्रश्न : एकाच केंद्रावरून भूकंपाचे ठिकाण काढता येईल का?

उत्तर : अंतर काढता येते. जवळच्या भूकंपासाठी प्राथमिक आणि तिच्यामागून येणारी दुय्यम लहर यांच्या आगमनातील अंतराच्या सेकंदांना ८ ने गुणले की किलोमीटरमध्ये ढोबळ अंतर मिळते. दिशेचा अंदाज पहिल्या धक्क्यावरून बांधता येतो, पण तो कच्चाच राहतो. भूकंप किती खोल झाला हे कळण्यासाठी मात्र भूकंपाला वेढून असणारी आणखी केंद्रे लागतात, आणि त्यांतले निदान एक भूकंपाच्या अगदी जवळ असावे लागते.

प्रश्न : केंद्र नीट चालते आहे, हे जवळपास भूकंप होण्याची वाट न पाहता कसे ओळखावे?

उत्तर : आधी खड्ड्यापासून पाच-सात मीटरांवर उडी मारावी आणि तिन्ही घटकांवर ती उमटते का ते पाहावे. यातून फक्त तारा जोडलेल्या आहेत एवढेच कळते. खरी परीक्षा दूरच्या मोठ्या भूकंपाने होते आणि त्यासाठी फार थांबावेही लागत नाही, कारण जगात ६ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप सरासरीने आठवड्याला दोन-तीन होतात. अशा भूकंपाच्या लांब आवर्तनाच्या लहरी आपल्या केंद्रावर आणि शंभरेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर जवळजवळ सारख्याच उमटतात. ज्याची आकडेवारी सर्वांसाठी खुली आहे असे एखादे केंद्र निवडून दोन्ही आलेख एकावर एक ठेवावेत. आलेख उलटा दिसला तर तारांची अदलाबदल झाली आहे, उंची कमीजास्त असेल तर यंत्राच्या संवेदनक्षमतेचा आकडा चुकीचा भरला आहे, आणि फक्त आडवे घटक जुळत नसतील तर उत्तर दिशा चुकली आहे. म्हणून यंत्राचा अनुक्रमांक, संवेदनक्षमता, सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांची संख्या, रेघेचा कोन आणि खड्डा उघडल्या-मिटल्याची प्रत्येक वेळ वहीत लिहिलेली असावी, आणि त्या वहीची एक प्रत खड्ड्यापासून दूर, विभागात ठेवावी.