मांडवातलं पिल्लू आणि गेलेलं कार्ड

ताई, रत्नागिरीतल्या प्रदर्शन-विक्रीतून लॅब्रॉडॉरचं पिल्लू आणलंत, तिसऱ्या रात्री रक्ताचे जुलाब सुरू झाले, विकणाऱ्याचा फोन बंद, आणि आता ‘तक्रार कुठे करू’ विचारताय. वाचून अंगावर काटा आला. सहा वर्षांपूर्वी सिंधुदुर्गात आमचं अगदी हेच झालं होतं. मी वकील नाही, डॉक्टर तर नाहीच. जे भोगलं तेवढंच सांगते.

पिल्लू दवाखान्यात आहे आणि पार्व्होची, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या विषाणूची, टेस्ट झाली आहे असं धरून चालते. पार्व्हो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. त्यामुळे ‘तुमच्या घरी लागला’ असं विकणारा म्हणाला तर ऐकून घेऊ नका. तिसऱ्या रात्री जुलाब सुरू झाले, म्हणजे पिल्लू बहुधा मांडवातच आजारी होतं, किंवा घाटावरून टेम्पोत भरून आणलं तेव्हापासून. हे वाक्य डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या.

आमचं पिल्लू, बिटकी, नऊ हजारांची. रविवारी संध्याकाळी, मांडव सोडायच्या घाईत, ‘शेवटचं राहिलंय, घेऊन टाका’ म्हणून दिलेली. ‘पन्नास दिवसांची आहे’ म्हणाले. आमच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर दाढा अजून फुटायच्या होत्या. ते म्हणाले, ‘पाच आठवड्यांचीसुद्धा नाही.’ पन्नास दिवस खरे असते तरी विक्री बेकायदाच होती, कारण आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. हे २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत आहे आणि २०१८ च्या पेट शॉप नियमांतही आहे. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. बिटकी पाचव्या दिवशी गेली. माडाच्या मुळाशी पुरली, पोस्टमॉर्टेम केलं नाही. ती एक चूक झालीच.

पण सगळ्यात महागात पडली ती दुसरी चूक. विकणाऱ्याने बिल दिलं नव्हतं. पुरावा म्हणून हातात होतं ते फक्त लसीकरणाचं कार्ड. त्यावर लसीचं स्टिकर, बॅच नंबर, कुणाची तरी सही, आणि सहीखाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. शिवाय पहिल्या लसीची तारीख अशी, की ती खरी मानली तर बिटकीला जन्मल्याच्या आठवड्यातच टोचलं होतं! म्हणजे कार्ड दुसऱ्याच पिल्लाचं. यापेक्षा चांगला पुरावा कुठला असणार? आणि मी शहाणीने ते मूळ कार्ड अर्जाला टाचणी लावून एका कार्यालयात देऊन आले. झेरॉक्स नाही, मोबाइलवर फोटो नाही, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का नाही. टेबलावरचे गृहस्थ भले वाटले, ‘ठेवा, साहेब आले की दाखवतो’ म्हणाले, म्हणून ठेवलं.

बावीस दिवसांनी गेले तर असा अर्ज आलेलाच नाही. कार्ड? कुठलं कार्ड? मग साहेब भेटले. त्यांचं म्हणणं, ‘मॅडम, नियम दुकानाला आहेत. हा मांडव होता, तीन दिवसांचा. आम्ही फक्त जागेला परवानगी दिली.’ मी गप्प बसून परत आले. नंतर कुणीतरी नियम वाचून दाखवला. २०१८ च्या नियमांत पेट शॉपच्या व्याख्येतच आठवडा बाजारातली किंवा इतर बाजारातली जागासुद्धा येते. नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करावी लागते. म्हणजे मांडव होता म्हणून सुटका नाहीच. त्या दिवशी हे तोंडावर सांगता आलं असतं तर! माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारलं, उत्तर आलं, ‘माहिती उपलब्ध नाही.’ शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘जावंदे गे बाय, एका पिल्यासाठी इतक्यो खेपा कित्याक?’ काकींचंही चुकलं नाही म्हणा. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज आमच्याकडे धड एक शहाळं येत नाही. आणि कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र, त्यामुळे पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून मोकळे. तरी ती एनसी नोंदवाच, तारखेचा पुरावा होतो.

माझं मत विचाराल तर पैशांसाठी ग्राहक आयोग बरा. दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केलात तर मराठीत बोलतात. प्रतिवादी म्हणून आयोजकाचं नाव घाला, कारण स्टॉलवाला सापडत नाही पण आयोजकाचा बॅनर चौकात लागलेला असतो. बॅनरचा फोटो अजून काढला नसेल तर आजच जा. उतरवतात लगेच. पण आयोजकाला दोषी धरतीलच असं मी छातीठोक सांगणार नाही.

तुम्ही लिहिलंत की तिथे पिंजऱ्यात हिरवे पोपटही होते. लाल कंठ असलेला आपला राव्याच असेल तर ते वेगळं आणि जास्त गंभीर प्रकरण. तो वन्यजीव कायद्यात आहे, पाळणंही गुन्हा आणि विकणंही. वनविभागाच्या १९२६ वर कळवा. रंगीबेरंगी बजरी, लव्हबर्ड यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी फोन केलात तर तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल. पुढच्या वर्षी मांडव पडायच्या आधीच नोंदणी क्रमांक मागणारा अर्ज द्या. मेळा भरल्यावर कुणी हलत नाही, हे मी दोनदा पाहिलंय.

एक घरातलं सांगते. पडवी, खळं फिनेलने धुऊन पार्व्हो मरत नाही. आम्ही महिनाभर फिनेलच ओतत होतो. ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. मातीत तो वर्षभरही टिकतो, म्हणून लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या अंगणात इतक्यात आणू नका. आणि हे पिल्लू वाचलं, वाचेलच, तर पुढच्या लसीत लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) आहे ना ते विचारा. आपल्याकडचा पावसाळा आणि उंदीर दोन्ही माहीत आहेत तुम्हाला.

आज संध्याकाळी सलाईनला जाल तेव्हा आधी लसीच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवा. मग केसपेपरवर वजन, दातांवरून अंदाजे वय आणि तारीख लिहून मागा. डॉक्टर गर्दीत टाळतील. लिहून होईपर्यंत टेबलापासून हलू नका.